वाइनच्या खोलीतला आर्द्रतामापक

मी एक जुना आर्द्रतामापक आहे आणि स्वभावाने संशयी आहे. मित्रांनो, त्याला माझा इलाज नाही, मला बनवलेच तसे आहे. एका लाकडी पाटीवर शेजारी शेजारी दोन तापमापक बसवलेले आहेत. डावा उघडा आणि कोरडा. उजव्याच्या फुग्याला मलमलीची वात गुंडाळलेली, आणि वातीचे टोक खालच्या छोट्या बाटलीतल्या पाण्यात बुडवलेले. पाणी वातीतून वर चढते, हवेत उडून जाते आणि जाताना फुग्याला थंड करते. हवा जितकी कोरडी, तितका उजवा डाव्यापेक्षा खाली. दोघांतला फरक पाहिला की हवेत दमटपणा किती आहे ते कळते. एकट्या डाव्याच्या शब्दावर मी कधीच काही सांगत नाही.

माझ्या नळ्या अंबाल्याच्या एका कारखान्यात फुंकल्या गेल्या. तिथून खोक्यात गवताच्या काड्यांमध्ये निजून मी चौलजवळच्या एका शाळेत आलो. तिथे आनंदीबाई विज्ञान शिकवायच्या. त्यांनी मला सावलीच्या पडवीत टांगले. रोज सकाळी एक मूल माझ्यासमोर टाचा उंच करून उभे राहायचे आणि आकडे मोठ्याने वाचायचे. तुमच्यासारखीच मुले होती ती. नाक काचेला लावून वाचत, मग त्यांच्या श्वासाने पारा चढे आणि आनंदीबाई म्हणत, "मागे सर. तू स्वतःलाच मोजतोयस." ते माझे सुखाचे दिवस होते. पुढे शाळेत आकडे आपोआप दाखवणारी पेटी आली आणि मी कपाटात गेलो. आनंदीबाई निवृत्त झाल्या तेव्हा त्यांनी निरोपसमारंभात दुसरे काही न मागता मला मागून घेतले.

त्यांचा भाचा सुश्रुत. त्याची चौलला नारळसुपारीची वाडी आहे आणि वाडीत पाहुण्यांना राहायला चार खोल्या आहेत. वाडीच्या टोकाला जांभ्या दगडाची, अर्धी जमिनीत गेलेली एक खोली होती. पूर्वी तिथे सुपारीची पोती ठेवत. सुश्रुतच्या मनात आले की इथे वाइनच्या बाटल्या ठेवायच्या, आणि त्यांच्या मधोमध टेबल मांडून निवडक पाहुण्यांना जेवायला बसवायचे. वाइन हे मोठ्या माणसांचे पेय आहे, मित्रांनो. तुमचा तिच्याशी संबंध नाही. माझाही फक्त तापमानापुरता आला.

खोलीचा आराखडा करायला अलिबागहून मधुवंती आली. ती घरांची आतली रचना करते. आनंदीबाईंनी सुश्रुतला भेट म्हणून दिलेला मी तेव्हा नुकताच भिंतीवर चढलो होतो. ही बाई आल्या आल्या मोजपट्टी काढते आणि माणसांकडे नंतर बघते, हे पाहून मी तिच्यावरही जरा नजर ठेवली.

"बाटल्यांना चौदा अंश हवेत आणि जेवणाऱ्या माणसाला पंचवीस," ती म्हणाली. "दोघांना एका खोलीत बसवायचं तर मध्ये काच हवी."

"काच लावली की औषधाचं दुकान वाटेल," सुश्रुत म्हणाला. "पाहुण्याला बसल्या जागेवरून हात लांब करून बाटली काढता आली पाहिजे. मजा त्यात आहे."

"मग पाहुणे कुडकुडतील."

"शाली देऊ."

"शाली पांघरून ओळीने बसले की सत्कार वाटेल. नारळ पण देणार का?"

"देऊ की. वाडी आपलीच आहे."

दोघे हसले. मग मधुवंतीने आपली अट सांगितली. काच नसेल तर आत गरम जेवण आणायचे नाही. चीज, फळे, पाव, कोशिंबिरी, एवढेच. आणि गारवा देणारे यंत्र एक क्षणही बंद करायचे नाही. वाइन तापली की फुगते, निवली की आकसते. असे वरचेवर झाले तर बुचे सैल होतात.

"मान्य," सुश्रुत म्हणाला. तो इतक्या चटकन मान्य म्हणाला की मला तेव्हाच शंका आली.

खोली मात्र देखणी झाली. तीन भिंतींवर लाकडी खणांत बाटल्या आडव्या निजल्या, मध्ये दहा जणांचे फणसाच्या लाकडाचे टेबल आले, दाराला हवा अडवणारी रबराची कड आली. पाहुणे आत येऊन आधी माझ्याकडे बघत. "किती गोड जुनी वस्तू," असे म्हणून कोणी माझ्या खिळ्याला टोपी अडकवून ठेवी. मी काय सांगतो ते कोणी वाचत नसे.

माझी काळजी मात्र एका माणसाला होती. वाडीची राखण गुणाजी आणि त्याची बायको काशी करत. विहिरीजवळच्या दोन खोल्यांत ते राहत. खोलीची चावी गुणाजीच्या कमरेला असे. माझे पाणी काशी बघायची. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचे शुद्ध पाणी मला लागते हे सुश्रुतने तिला एकदा सांगितले होते. तेवढे तिने कायमचे लक्षात ठेवले. बाटली भरताना ती पुटपुटायची, "घे, पी. हितं सगळे भलतंच पितात. तू आपलं पाणी पी."

मग थंडी पडली आणि पोपटीचे दिवस आले. तुमच्यापैकी जे रायगडचे आहेत त्यांना सांगायला नको. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घालायचा, त्यात वालाच्या शेंगा, अंडी, मसाला लावलेली कोंबडी भरायची, मडके उलटे ठेवून भोवती जाळ करायचा. पोपटीचा एक रिवाज आहे. मडके खाणाऱ्यांच्या समोर उघडायचे. आत कुठेतरी उघडून ताटांत वाढून आणली तर पाहुण्याला पोपटी घातली असे इथे कोणी मानत नाही.

मुंबईच्या पाहुण्यांनी पोपटी मागितली. आणि ती त्यांना त्या नवलाच्या खोलीतच हवी होती. सुश्रुतने दोन्ही ऐकले. गुणाजी मोठ्या अभिमानाने, गोणपाटात धरून, धगधगते मडके आत आणी आणि टेबलावर केळीच्या पानांवर पालथे करी. वाफेचा लोट वर जाई. पाहुणे टाळ्या वाजवत. मडके गरम आणि खोली गार, हे कोणाला तरी विचित्र वाटेच. "ते यंत्र बंद करा हो, पोपटी थंड होतेय," असे कोणीतरी म्हणे, आणि सुश्रुत ते बंद करी. माझा डावा पारा चढत चढत अठ्ठावीसवर जाई. माझ्यावर टोपी असे.

पाहुणे गेले की यंत्र पुन्हा सुरू होई. सकाळी सुश्रुत येऊन पाही तेव्हा मी चौदावर असे. मला घडलेले आठवते, पण दाखवता येत नाही. मी फक्त आत्ताचे दाखवतो.

थंडी अर्धी सरली आणि सुश्रुतला वरच्या खणांखाली जमिनीवर चिकट डाग दिसले. डागांवर मुंग्या. त्याने एक बाटली उजेडात धरली, मग दुसरी. आतली वाइन गळ्यापासून खाली उतरलेली होती. बूच जागेवर, वरचे वेष्टणही जागेवर. "कोणीतरी काढतंय, आणि काढताना सांडतंय," तो पुटपुटला. मग त्याने दाराकडे पाहिले. चावी कोणाकडे असते हे त्याला आठवत होते, हे मला त्याच्या मानेवरून कळले.

त्या दिवसापासून खोलीत दोन संशयी जण झाले. सुश्रुत अवेळी यायचा, दार उघडताना आवाज होणार नाही याची काळजी घ्यायचा आणि कोणी न सापडल्यावर निराश व्हायचा. एका संध्याकाळी त्याने उंबऱ्यावर रांगोळीची पूड पातळ पसरून ठेवली. पाऊल उठेल, अशी त्याची अटकळ. सकाळी काशी झाडायला आली.

"ही रांगोळी कुनी सांडली?" ती स्वतःशीच म्हणाली. "ना ठिपका ना रेघ." तिने पूड बोटांनी गोळा केली आणि उंबऱ्यावर छानशी गोपद्मे काढली. सुश्रुत आला तेव्हा त्याच्या सापळ्यावर गाईची पावले उमटलेली होती. काशीला वाटले, त्याला आवडेल. सुश्रुतला वाटले, हिने पुरावा पुसला.

दुपारी त्याने दोघांना खोलीत बोलावले.

"गुणाजीभाऊ, अमावास्येला जागेवाल्याला काय देता तुम्ही?" जागेवाला म्हणजे जागेचा राखणदार देव. वाडीच्या कोपऱ्यात त्याचा दगड आहे.

"नारळ. आन घोटभर दारू," गुणाजी म्हणाला. "माझा बाप द्यायचा, तसं."

"कुठली दारू?"

"गावची. अजून कुठली?"

"पाहुण्यांची उरलेली बाटली असतेच की घरात."

"उष्टी?" गुणाजीने कानाला हात लावला. "देवाला उष्टी देऊ?"

"तेच म्हणतोय मी. उष्टी चालत नाही. म्हणजे बंद बाटलीतली काढत असशील."

आजवर सुश्रुत गुणाजीला अहो म्हणत आला होता. गुणाजीने मान वर केली.

"बंद बाटलीतनं कशी काढनार, दादा? बूच तर जाग्यावर हाय."

"इंजेक्शनच्या सुईने निघते."

"सुई?" काशी मध्येच म्हणाली. "ह्यांना डॉक्टर सुई मारतो तवा धरायला दोन मानसं लागतात."

कोणी हसले नाही. गुणाजीने विषय हलका करून पाहिला. "आन जागेवाल्याला वाइन चालायची न्हाय, दादा. आंबूस लागते."

"तुला काय माहीत कशी लागते?"

"तुमीच दिली व्हती. खोलीची पूजा झाली त्या दिशी. म्हनालात, गुणाजीभाऊ, चाखून तर बघा."

मी मनात म्हटले, आता हा थांबेल. पण माणसाचा संशय एकदा बोलून झाला की त्याला मागे घेणे जड जाते. तो म्हणाला, "चावी इथे ठेव."

गुणाजीने कमरेची चावी सोडून टेबलावर ठेवली. "चावी ठेवली. आता घर पन सोडतो. ज्याची चावी काढून घेतली त्यानं राखन कशाची करायची?"

"जा म्हणालो नाही मी."

"न्हाय म्हनालात," काशी म्हणाली. "पन उद्या गावात इचारतील, चावी का काढली, तवा काय सांगू? चोर म्हनून काढलेला राखनदार चौलात दुसऱ्या कुठल्या वाडीवाल्यानं ठेवलाय का कदी? आमचं सगळं काम ह्या एका नावावर चालतं."

ती दोघे थळला तिच्या भावाकडे गेली. मित्रांनो, मी भिंतीवर होतो. मला सगळे माहीत होते आणि मला तोंड नव्हते.

पोपटी लावायला गावातला अनंता येऊ लागला. चावी आता सुश्रुतच्या खिशात. माझ्या बाटलीकडे मात्र कोणी बघेना. पाणी उतरत गेले, तळाला गेले, संपले. वात वाळली आणि कडक झाली. अशा वेळी माझे काय होते ते नीट समजून घ्या. वात कोरडी झाली की उजवा फुगा थंड होत नाही. मग दोन्ही पारे एकाच रेषेवर येतात. आणि दोन्ही एका रेषेवर असणे म्हणजे माझ्या तक्त्यानुसार हवा पाण्याने पूर्ण भरलेली, दमटपणा शंभर टक्के. मी जन्मात कधी खोटे बोललो नव्हतो. पण माझी निगा थांबली, तसे माझे सांगणे चुकले.

नेमके तेव्हाच सुश्रुतने मला प्रथमच लक्ष देऊन वाचले, कारण नवे डाग पडले होते. दार बंद, चावी खिशात, आणि तरीही डाग. गुणाजी तर थळला. आता संशय घ्यायला दुसरे कोणीतरी हवे होते. त्याने तक्ता पाहिला आणि तिथूनच फोन लावला.

"मधुवंती, तुझ्या खोलीत शंभर टक्के दमटपणा आहे. भिंती पाझरतायत बहुतेक. माझ्या बाटल्या गळायला लागल्यात. ये आणि बघ काय करून ठेवलंयस."

मधुवंती संध्याकाळच्या आत आली. तिने भिंतीवर तळवा टेकवला. भिंत कोरडी होती. मग ती माझ्यासमोर उभी राहिली आणि वात चिमटीत धरून पाहिली.

"सुश्रुत, हे पापडासारखं झालंय. याला पाणी कोण घालत होतं?"

"काशीवहिनी."

"मग?"

"त्या नाहीत आता. दोघं गेली थळला."

तिने सगळी हकिकत काढून घेतली. सुश्रुतने ती तुटक तुटक सांगितली, सुईपाशी येऊन जरा अडखळला. मधुवंतीने इन्व्हर्टरचे पाणी मागवले, वात भिजवली, बाटली भरली. माझा उजवा पारा हळूहळू खाली सरकला आणि जिथे असायला हवा तिथे थांबला. इतके बरे मला कित्येक दिवसांत वाटले नव्हते.

"हवा ठीक आहे," ती म्हणाली. "आता सांग, चावी तुझ्याकडे आल्यापासून आत कोण येतं?"

"पाहुणे. अनंता, मडकं घेऊन. मी."

"मडकं?"

सुश्रुत टेबलाजवळच्या खुर्च्या सरळ करू लागला.

"मडकं कसलं, सुश्रुत?"

"पोपटीचं. आज पण आहे. तू थांब की जेवायला."

ती थांबली, पण जेवायला बसली नाही. अनंताने मडके पालथे केले, वाफ उठली, कोणीतरी यंत्र बंद करायला सांगितले आणि सुश्रुतचा हात सवयीने कळीकडे गेला. मधुवंतीने मोबाइलचा उजेड माझ्यावर धरला आणि शाळेतल्या मुलीसारखी आकडे वाचू लागली. सोळा. एकोणीस. चोवीस. पाहुण्यांना वाटले हाही कार्यक्रमाचाच भाग आहे. एका गृहस्थांनी टाळ्या वाजवल्या. शेंगांची टरफले पडेपर्यंत मी अठ्ठावीसवर पोचलो होतो.

"आता हात वर कर," तिने सुश्रुतला सांगितले. "वरच्या खणातल्या बुचांवरून बोट फिरव."

त्याने फिरवले. बोट ओले झाले. एका बाटलीच्या तोंडाशी लाल थेंब जमला होता. तो त्याच्या देखत सुटला आणि जमिनीवर पडला. गरम हवा वर चढते, म्हणून वरचा खण. तो थेंबाकडे बघत राहिला. सैल बुचे मधुवंतीने एकेक अंगठ्याने दाबून पाहिली आणि ज्या बाटल्या वाया गेल्या होत्या त्या वेगळ्या काढल्या.

सुश्रुत दुसऱ्याच दिवशी थळला गेला. तिथे काय बोलणे झाले ते मला माहीत नाही आणि जे मी पाहिले नाही ते मी सांगत नाही. गुणाजी आणि काशी परत आली ती आठवड्याने. विहिरीजवळच्या घराचे दार उघडून, सामान लावून, मग ती दोघे माझ्या खोलीच्या दारापाशी आली. सुश्रुत आत होता.

"गुणाजीभाऊ, चुकलं माझं," तो म्हणाला.

"व्हय," गुणाजी म्हणाला.

"चावी घ्या." सुश्रुतने हात पुढे केला.

"वाडी बघतो. नारळ, सुपारी, पंप, कुंपन, समदं बघतो. ह्या दारातनं आत न्हाय येनार."

"मी सगळ्या गावाला सांगितलंय, चोरी झालीच नव्हती म्हणून."

"सांगितलंत ते बरं केलंत," काशी म्हणाली. "चोर म्हनालात ते आमच्या आदी थळला पोचलं व्हतं. हे अजून पोचलेलं न्हाय."

आता बाटल्यांपुढे काच आली आहे. औषधाच्या दुकानासारखी दिसते, पण बाटल्या गळत नाहीत. पोपटी बाहेर वाडीत होते, जाळाशेजारीच मडके उघडले जाते, आणि पाहुण्यांना ती तिथेच जास्त आवडते. मी काचेच्या आत आहे. माझ्या बाटलीत पाणी सुश्रुत स्वतः घालतो, न विसरता, आणि वात पिवळी पडली की बदलतो.

मित्रांनो, तुमच्या शाळेच्या कपाटात माझ्यासारखा कोणी असेल तर त्याच्या वातीला पाणी द्या. आमची निगा राखली नाही तर आम्हीही चुकीचे सांगू लागतो, आणि तुम्ही आमच्यावर विसंबून भलत्याच माणसाकडे बोट दाखवाल. कोणाची शंका आली तर ती आधी तपासा आणि तपासून होईपर्यंत तोंड बंद ठेवा. तोंडातून गेलेली शंका नंतर कितीही खोटी ठरवली तरी ती दुसऱ्याच्या अंगावर राहते. मी हे ऐकीव सांगत नाही. रोज सकाळी माझ्यासमोर दिसते ते सांगतो.

सकाळी गुणाजी पाहुण्यांच्या कोशिंबिरींसाठी सोललेले नारळ घेऊन दाराशी येतो. सुश्रुत तेव्हा मला वाचत असतो. तो मुद्दाम मोठ्याने म्हणतो, "गुणाजीभाऊ, चौदा आहे बघा. या ना, बघून जा."

"तुमी बघितलंत ना?" गुणाजी बाहेरूनच म्हणतो. "मग असंल."

आणि नारळ उंबऱ्याबाहेर ठेवून तो वाडीत निघून जातो. ते आत सुश्रुतला आणावे लागतात.